सुमनकाकू, मधल्या पट्ट्याचं काय करायचं?

सुमनकाकू, प्रवीणच्या पाठीवरचा फवारणीचा पंप तुम्ही तुमच्या हातांनी उतरवलात. तुम्ही गेलात ते, मी तेव्हा कुठे होते ते, आपलं काय बोलायचं राहिलं ते, सगळं मागून सांगते. आधी हे लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळेल की मी कोणाशी बोलतेय आणि का.

आता सांगते. कार्तिकातल्या एका सकाळी गिरण सुरू करताना तुमच्या छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंतही तुम्ही थांबला नाहीत. मी तेव्हा तिकडे यवतमाळ जिल्ह्यात, बोरी अरबला, आईच्या दुखण्यात अडकलेली. तिचं मांडीचं हाड मोडलेलं, बहीण अजून यायची होती, मला तिला टाकून गाव सोडता येईना. बहीण आली तशी निघाले. रेल्वे केली, दोन एसट्या बदलल्या आणि खाडीकाठच्या आपल्या वाडीत पोचले, तोवर तुमचं दहावं उरकलं होतं. गिरणीला कुलूप होतं. पायरीवर कोणीतरी सवयीनं दळणाचा डबा ठेवून गेलं होतं.

लिही म्हणाल्या त्या वाडीतल्या नजमाभाभी. तुम्हाला माहीत आहे त्या कशा बोलतात, खडकावरची कालवं फोडावीत तसं. मी रस्त्यानं चालताना तुमच्याशी बडबडत असते, ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, तेच कागदावर उतरव, निदान लोक वेडी तरी म्हणणार नाहीत. मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली, कापूस वेचायच्या दिवसांत, मग परत गेलेच नाही, मला काय लिहिता येतं. तर म्हणाल्या, "सुमनला तरी कुठे परीक्षा घ्यायचीय?"

म्हणून लिहितेय. चुकलं तर हसा. हसायचातच तुम्ही. मी 'मले' म्हटलं की गिरण बंद करून हसायचात आणि मग शेजारणीला बोलावून मला पुन्हा म्हणायला लावायचात.

गिरणीपासूनच सुरू करते. आम्ही इथे आलो ती तिकडची कापसाची वाईट सालं होती. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत अळी. वेचायला गेलं तर अर्धा कापूस पिवळा पडून घट्ट कवडी झालेला. लोक फवारतच राहिले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, त्या साली डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे मारलेलं औषध मारणाऱ्याच्याच तोंडावर यायचं. आमचं वावर नव्हतं. प्रवीण दुसऱ्यांच्या वावरात पंप मारायचा. एका संध्याकाळी तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला आणि मला म्हणाला, "मले तू दोन दोन दिसून राह्यली." मला वाटलं, थट्टा करतोय. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. आसपासच्या गावांतली काही माणसं त्या साली उठलीच नाहीत. आमचा उठला, पण त्याच्या डोळ्यांपुढचं धुकं हटायला दसरा उजाडला.

त्यानंतर गावातल्या एकाच्या ओळखीनं इथल्या आंब्याच्या बागेत राखणीचं काम मिळालं. झोपडी, लाईट, पाणी, सगळं बागेतच. मला एवढंच कळलं होतं की तिथे कापूस नाही. आंब्यालाही फवारतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. थंडी पडली, मोहोर फुटला आणि मालकांनी प्रवीणच्या हातात पंप दिला. त्यानं मुकाट्यानं घेतला. मला म्हणाला, "राखणीवाले दुसरं काय करतात? मी तं घेऊन राह्यलो. तू बोलू नको."

मी बोलले नाही. गावाहून आणलेली ज्वारी घेऊन तुमच्या गिरणीत आले. तुमच्या भुवयांवर पीठ, पदर कमरेला खोचलेला. तुम्ही डब्यात हात घातलात आणि म्हणालात, ज्वारी, आमच्या गिरणीनं हिचं तोंड तरी पाहिलंय का. मग दळत राहिलात. मी पिठाचा डबा धरून उभी होते आणि डोळे आवरत नव्हते. तुम्ही बघितलंत. जवळ आलात आणि अगदी हळू म्हणालात, "अगो, पीठ घरी जाऊन भिजवायचं. इथे नाही."

मी हसले की काय केलं आठवत नाही. पण सगळं सांगून टाकलं, ओळख ना पाळख. तुम्ही मध्ये काही विचारलं नाहीत. रांगेत चार जणींचे डबे होते. तुम्ही गिरण बंद केलीत, डबे तसेच ठेवलेत आणि चपला घातल्यात. त्या बायका ओरडत राहिल्या.

बागेत प्रवीण पंप पाठीला लावून दुसऱ्या ओळीत पोचला होता. तुम्ही त्याला उभं केलंत, पट्टे सोडलेत, पंप उतरवून खाली ठेवलात. तो बिचारा घाबरून 'मावशी, मावशी' करत राहिला. मालक आले. त्यांना तुम्ही लहानपणापासून बाळ्या म्हणत आलात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता राहतं घर गेलं. तुम्ही म्हणालात, "बाळ्या, वळ जरा. तुझ्या पाठीला कसा दिसतो बघू." मालक हसायला लागले, तुम्ही हसला नाहीत. मग तुम्ही त्यांना प्रवीणच्या डोळ्यांचं सांगितलंत, नीट, रागावल्याशिवाय. त्या साली त्यांनी फवारणीला बाहेरची मशीनवाली गाडी लावली. प्रवीणकडे आळी खणणं, कलमं बांधणं आणि राखण एवढंच राहिलं. आजही तेवढंच आहे.

या उपकाराची परतफेड म्हणून तुम्ही मला रविवारी खाडीच्या चिखलात झाडं लावायला बोलावलंत, असं मला वाटलं. मी विचारलंही, किती रविवार यावं लागेल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला जमिनीत जावंसं वाटलं. म्हणालात, फेडायला नाही बोलावलं, घरात बसून काळजी करतेस त्यापेक्षा इथे येऊन कर.

तुमची ती रविवारची माणसं. दिनकरमामा, नजमाभाभी, शाळेतले एक शिपाई, दोन-तीन सुना, येतील ती मुलं. कोणाला पगार नाही, कोणी साहेब नाही. वाडीची विहीर समुद्राकडच्या बांधाच्या आत, भाताच्या खाचरांना लागून. मी यायच्या आधी एका उधाणानं त्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पाडलं होतं. खारं पाणी खाचरांत शिरलं, विहीर मचूळ झाली. पावसाळ्यानंतर थोडे दिवस पाणी बरं असायचं, संक्रांत गेली की तोंडात धरवेना, मग टेकडी चढून पाणी आणावं लागायचं. दिनकरमामांनी दगडमाती घालून खांड बुजवलं, समुद्रानं पुन्हा उघडलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, बांधापुढचं चिखलाचं खाजण उघडं पडलंय, झाडं होती ती आपल्याच सासवांनी चुलीत घातली, आता आपण लावू. विहीर वैशाखातही गोडी राहिली पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

कोणीतरी सुरूची रोपं फुकट देऊ केली होती, तर तुम्ही परत पाठवलीत. चिखलात कांदळ, तिवर, चिप्पी, खाऱ्या पाण्यात जगणारी झाडं. जे इथलं आहे तेच. "सुरू वाळूवरचा पाहुणा. त्याला चिखलात बोलावून कशाला हाल करायचे त्याचे?" मी ते ऐकलं आणि माझा चेहरा पडला असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "तुझं नाही बोलत गो मी. तू झाड आहेस काय?"

पहिल्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत रुतले. समुद्र मी आयुष्यात पाहिला नव्हता, त्यात हे पाणी आत्ता नाही आणि घटकेत येणार, हे तर मला पटतच नव्हतं. सारखी मागे वळून बघायचे. एक चप्पल चिखलानं खाल्ली ती खाल्लीच. तुम्ही मला तिथी शिकवलीत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी मंद, त्याला भांग म्हणायचं. आमच्या घरी तिथी कोणी बघत नाही. पौर्णिमा म्हणजे विहारात वंदना, एवढंच ठाऊक. मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, पंचांग देवासाठी कुठे गो, चिखलासाठी आहे. तेव्हापासून विहारातली पौर्णिमा आणि खाजणातली पौर्णिमा माझ्यात एकत्र नांदतात, भांडत नाहीत.

आणि मग शेंगांची गोष्ट, जी तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगितलीत. आषाढात कांदळाच्या शेंगा काढायच्या होत्या. हातभर लांब, काठीसारख्या, झाडावरच कोंब धरलेल्या. मला वाटलं, हे आपलं काम. लुगड्याची ओटी बांधली आणि दोन्ही हातांनी तोडत सुटले. वेचणीला मी गावात कोणाला ऐकायची नाही. तुम्ही लोक एकेक शेंग निरखत होता, मी ओट्यांवर ओट्या रिकाम्या करत होते. चिखलात पडलेल्या शेंगा मी सरळ ओलांडून जात होते. पिशव्यांत खाजणाची माती भरली, माझ्या शेंगा खोचल्या, जुन्या जाळ्याचं कुंपण केलं. तुमच्या शेंगांना पानं फुटली. माझ्या काळ्या पडल्या, जवळजवळ सगळ्या.

मला वाटलं, लागला आपला वाईट हात. तिकडे बोंडं सडली, इथे शेंगा सडल्या. मी दोन रविवार आलेच नाही. तुम्ही बागेत आलात, झोपडीच्या दारात बसलात आणि विचारलंत, तू पडलेल्या का नाही उचलल्यास. मी सांगितलं, वेचणीत खाली पडलेलं उचलायचं नसतं, त्याला माती लागते, काडीकचरा लागतो, मालकीण अख्ख्या वावरासमोर बोलते. पडलं ते गेलं. चांगलं म्हणजे झाडावरचं.

तुम्ही एवढ्या हसलात की प्रवीण आंब्याखालून धावत आला. मग डोळे पुसत सांगितलंत की कांदळाचं उलटं आहे. पिकली की झाड स्वतःच सोडतं. खाली पडलेली, न किडलेली शेंग सगळ्यात तयार. वरची घ्यायचीच तर जिच्या गळ्याशी पिवळी कडी आलीय आणि जराशा पिळानं हातात येते तीच. ओढावी लागली की ती कच्ची. मी हिरव्या ओढून ओढून काढल्या होत्या.

पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांना ही गोष्ट सांगितलीत, आणि माझं नाव वऱ्हाडीण पडलं. दिनकरमामा विचारायचे, वऱ्हाडीण आली, नवरदेव कुठाय. पण एक गोष्ट तुम्ही कोणाला सांगितली नाहीत. त्या दिवशी उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "हात नाही लागत गो कोणाचा. रीत वेगळी होती, एवढंच." काकू, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही माझ्या मानेवरून काय उतरवलंत. मी लहानपणापासून असं धरून चालले होते की पीक बुडालं की त्यात कुठेतरी माझं काही चुकलेलं असतं. पंपाचं ओझं दिसत होतं तरी. हे कोणाला दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी रोपं जगली. एकेक करून बांधापुढे ओळी उभ्या राहिल्या. विहीर संक्रांतीऐवजी शिमग्यापर्यंत गोडी राहायला लागली. तुम्ही रोज सकाळी पहिला घोट तोंडात घोळवायचात आणि आम्ही सगळ्या तुमच्या तोंडाकडे बघत उभ्या. तुम्ही मुद्दाम वेळ लावायचात.

मग मधला पट्टा.

एका श्रावणातल्या उधाणानं बुजवलेल्या खांडासमोरची रोपं अख्खीच्या अख्खी नेली. दोन्हीकडे हिरवं आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी उघडी जागा. मी त्याच दिवशी पिशव्या उचलायला लागले. आमच्याकडे सरकी उगवली नाही की आठवड्याच्या आत खाडे भरतात, मागून लावलेलं पुढच्याला गाठतं. रिकामी जागा बघवत नाही कोणाला. तुम्ही माझ्या हातातली पिशवी काढून घेतलीत. म्हणालात, ओहोटीला पाणी इथूनच परत जातं, त्याला जायला वाट नको? वाट अडवली तर ते बांध खाईल. मी म्हटलं, वाट ठेवली तर येताना लाट तिथूनच येईल, नेमकी खांडावर. दिनकरमामा माझ्या बाजूनं. नजमाभाभी कोणाच्याच नाही, त्या म्हणाल्या, दोघी मिळून समुद्राला विचारा. आपण दोघी ऐकेचना. शेवटी मी म्हणाले, विहीर तुमची असली तरी पाणी आम्हीपण पेतो.

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. मला वाटलं, संपलं. पण तुम्ही वेगळ्याच गोष्टीवर अडला होतात. "पेतो म्हणालीस ना? म्हणजे तुझीपण झाली विहीर. मग नीट भांड." आणि ठरलं. पुढचा एक अख्खा पावसाळा पट्टा तसाच ठेवायचा. दिवाळी झाल्यावर मोठ्या ओहोटीला दोघींनी मिळून जाऊन बघायचं. जिचं खरं, तिचं ऐकायचं.

तो पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर आईचं हाड मोडलं आणि मी बोरी अरबला निघाले.

तिकडून आपण दर दोन दिवसांनी बोलायचो. तुम्हाला खाजणाचं सांगायचं नसायचं, कापसाचं विचारायचं असायचं. यंदा अळी किती, वेचायला बाया मिळतात का, आई जेवते का. आईनं एकदा फोन ओढून घेतला आणि तुम्हाला विचारलं, "माह्या पोरीले तिकडं ठेवून काय करता वो?" तुम्ही काय उत्तर दिलंत ते आईनं मला सांगितलं नाही. नुसती म्हणाली, बाई बोलते चांगली. शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, येताना थोडा कापूस आण, वाती वळायला, दुकानातल्या वाती नुसत्या भुरभुर जळतात. मी एका ओळखीच्या वावरात गेले. सकाळची थंडी होती, पऱ्हाटी ओली होती. विचारून ओंजळ-ओंजळ वेचला, सरकीसकट, पांढरा शुभ्र बघून. कापडी पिशवी भरत आली होती तेव्हा दिनकरमामांचा फोन आला.

काकू, माणूस गेल्यावर नाकाकानात घालायला कापूस लागतो. तुमच्यासाठी तो औषधाच्या दुकानातून आणला, निळ्या कागदातला. नजमाभाभींनी सांगितलं मला. मी तेव्हा कापसात उभी होते, कमरेपर्यंत. हे मला सोसत नाही. बाकीचं सगळं हळूहळू सोसेल.

आणलेला कापूस तुमच्या सुनेला दिला. तिनं त्याच्या वाती वळल्या. चांगल्या जळतात म्हणाली.

आई म्हणत होती, आता कोणासाठी जातेस, ती बाई तं गेली. भाऊही म्हणाला, इकडेच बघू काहीतरी. मी त्यांना म्हटलं, तिथे एक काम अर्धं राहिलंय. कोणतं विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. पोहायला न येणारी बाई खाडीतल्या पाण्याची वाट बघायला जाते, हे कोणाला समजावणार.

आल्यावर बघते तो तुमचा मुलगा मुंबईहून आलेला, अजून थांबलेला. त्यानं आणि दिनकरमामांनी ठरवलं होतं की तुम्हाला जाऊन महिना होईल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून मधला पट्टा भरायचा, तुमच्या नावानं. रोपं मोजून ठेवली होती. छोटी पाटीही करायची होती, 'सुमन' एवढंच लिहिलेली. मुलगा चांगला आहे काकू, तुमच्यासारखा घाईनं चालतो. म्हणाला, आई नेहमी तुमच्या भांडणाचं सांगायची, आता पट्टा भरायचा म्हणजे तुम्हीच जिंकलात, तुमच्या हातानं पहिलं रोप लावा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मी रडेन, मग लावीन.

मी म्हटलं, आधी बघून येते. मोठ्या ओहोटीची वाट बघितली आणि एकटी गेले. जिथे आपण दोघींनी उभं राहायचं होतं तिथे उभी राहिले. पाणी खरंच तिथून जात होतं. अगदी शहाण्यासारखं, कुठे न धडकता, मध्ये पडलेल्या चरातून. चराच्या उत्तरेच्या काठाला तिवराची रोपं उगवली होती, बोटाएवढी. आपण लावलेली नाहीत. पाण्यानं आणून टाकलेलं बी. तिथे तुमचं खरं. पण दक्षिणेच्या काठाला पाणी वळण घेतं, आणि तिथली माती रोज थोडी थोडी ढासळतेय, बांधाच्या दिशेनं. दोन दगड उघडे पडलेत. तिथे माझं खरं. मी मोठ्यानं म्हटलं सुद्धा, बघा. पण पुढे भांडायला कोणी नव्हतं.

परत येऊन सांगितलं की मधला पट्टा भरायचा नाही. ढासळणारा काठ तेवढा दाट लावायचा, मध्ये वाट तशीच. दिनकरमामा चिडले. "अगो, तूच तर वर्षभर भरा-भरा करत होतीस."

"करत होते," मी म्हटलं. "काकू असत्या तर अजून केलं असतं. थांबवायला त्या होत्या, म्हणून मी तेवढी ओढून राह्यलते."

तुमच्या मुलानं विचारलं, मग आईच्या नावानं काय लावायचं. मी म्हटलं, पाणी जाऊ द्यायचं. त्याला पटलं की नाही माहीत नाही. पण महिन्याच्या दिवशी तो चिखलात उतरला, दक्षिणेच्या काठाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि आमच्याबरोबर दुपारचं पाणी चढेपर्यंत रोपं लावली. तुम्हाला हे अर्धंमुर्धं आवडलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, अर्धं तुझं, अर्धं माझं करायला हा काय खरवस आहे. म्हणा. मी ऐकतेय.

मला भीती वाटते, काकू. रोज वाटते. काठ टिकला नाही तर खांड पुन्हा उघडेल आणि लोक म्हणतील, बाहेरची बाई, हिचं ऐकून बसलो. मी चुकलेली असले तर ते पुढच्या उधाणांत कळेल. आज विहिरीचं पाणी गोडं आहे, पण ते पावसाचं आहे, त्याचं कौतुक नाही. खरी पारख वैशाखात. सकाळचा पहिला घोट आता मीच घेते. बायका माझ्या तोंडाकडे बघतात. मला तुमच्यासारखा वेळ लावता येत नाही, चेहऱ्यावर लगेच दिसतं.

तुम्हाला कधी 'तू' म्हणता आलं नाही मला. तुम्ही किती वेळा सांगितलंत, तुम्ही-तुम्ही केलंस की मी सरकारी कचेरीत बसल्यासारखी वाटते. जीभ वळली नाही. धन्यवाद तर आमच्याकडे कोणी तोंडानं म्हणतच नाही. म्हणून तेही राहिलं.

आता एवढंच सांगते. मी आईला कळवलंय की एवढ्यात येत नाही. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी, नाही तर त्याच्या पुढच्या. कधीतरी एका वैशाखात या वाडीत कोणालाही पाण्यासाठी टेकडी चढावी लागणार नाही. त्या सकाळी मी भरलेला हंडा घेऊन तुमच्या अंगणात येईन, तुमच्या सुनेला पेलाभर देईन आणि काही न सांगता तिच्या तोंडाकडे बघत उभी राहीन. ती गोडं म्हणाली की तुमचं फिटलं असं मी धरीन. सगळं नाही फिटणार, पण तेवढं फेडल्याशिवाय मी इथून जात नाही.